सुतकातली इगर्जी

पौष सरत आला की मला भीती वाटायला लागते. उगीचच, असं घरातले म्हणतात. म्हणू देत. खरं तर माळव्यातले हे सगळ्यांत देखणे दिवस. हरभऱ्याला घाटे धरलेले, गव्हावर सकाळचं दंव, आणि ऊन असं की पाठ देऊन बसावं आणि उठूच नये. इथं देवासला टेकडीवर देवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची रांग या दिवसांत पहाटेपासून लागते. आणि मी अंगणात उभी राहून कोपरे बघत असते. लाकडांच्या ढिगाखाली, मोरीच्या तोंडाशी, धान्याच्या कोठीमागे. परवा मोरीपाशी मेलेला उंदीर सापडला. सून त्याला शेपटीला धरून उकिरड्यावर टाकायला निघाली, तेव्हा मी अशी ओरडले की शेजारणी धावत आल्या.

"अहो आई, एक चूहाच तर आहे! मांजरीनं मारला असेल."

"मांजरीनं मारला तर रक्त कुठंय?"

सून हसली. शेजारणींकडे बघून तिनं डोळ्यांनी खूण केली, तीही मी पाहिली. माझा राग आला तर येऊ दे तिला, पण तो उंदीर मी रॉकेल ओतून जाळायला लावला. मग हात धुऊन जपमाळ घेऊन बसले, आणि जप काही होईना. या दिवसांत माझं मन देवासला राहतच नाही. ते माहेरी जातं, धारला, आणि तिथंही आमच्या घरात न थांबता थेट तिरल्याच्या वाटेवरच्या त्या इगर्जीपाशी जाऊन उभं राहतं.

इगर्जी हा शब्द मला कारमेलीननं दिला. आमच्यात त्या जागेला कुणी गिरजाघर म्हणे, कुणी पाद्रीबाबाचं देऊळ. कारमेलीन गोव्याची. तिचा नवरा पेद्रू मास्तर दरबारच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. बँडात अशी गोव्याकडची पाचसहा घरं होती, आणि त्यांच्यासाठी व आसपासच्या पाड्यांवरच्या थोड्या ख्रिस्ती झालेल्या लोकांसाठी गावाबाहेर ती इगर्जी बांधलेली होती. पांढरी, कौलारू, तीन बाजूंनी अफूची शेतं. तिच्यात भव्य असं काही नव्हतं. आमच्या धारच्या कुठल्याही श्रीमंत सावकाराचा गोठासुद्धा तिच्याहून उंच असेल. तरी लहानपणी तिची मला जेवढी धास्ती वाटली, तेवढी पुढं कशाचीच वाटली नाही.

आमचे नाना दरबारच्या एका लहानशा राममंदिराचे पुजारी. मराठ्यांच्या फौजेमागून आमचे पूर्वज देवांची पेटी डोक्यावर घेऊन माळव्यात उतरले, असं आत्या सांगायची. तेव्हापासून पूजा आमच्याकडं. आमच्या घरात देव आणि माणसं यांच्यात फारसा फरक नव्हता. राम उठला का, राम जेवला का, असंच बोलणं. त्या साली माघाच्या तोंडाशी एका सकाळी नाना काकडआरती आटपून गाभाऱ्यातून बाहेर येत होते, आणि उंबऱ्यावरून एक उंदीर आत आला. दिवसाउजेडी. माणसाला न भिता. दारू प्यालेल्यासारखा तो रामापुढं गोल गोल फिरला आणि पाय झाडत तिथंच पडला. मी सभामंडपात फुलं निवडत होते. नानांच्या हातातल्या पंचारतीतल्या वाती हलत होत्या, आणि वारा तर नव्हता.

उंदीर पडायला लागले म्हणजे काय, ते आता कुणाला सांगून कळायचं नाही. तो आमच्या वेळचा, प्लेगच्या सालचा शब्द. आधी उंदीर पडत, मग माणसं. काखेत नाही तर जांघेत गाठ यायची, ताप भडकायचा, आणि माणूस बरळायला लागायचा. गल्लीतली घरं एकेक करून कुलूपबंद झाली. लोक गावाबाहेर शेतांत तट्ट्यांच्या झोपड्या घालून राहायला गेले. आमची झोपडी पडली तिरल्याच्या वाटेवर, इगर्जीच्या कुंपणापासून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. झोपडीत नाना, आई, नानांची थोरली विधवा बहीण अक्काआत्या, मी आणि माझा धाकटा भाऊ वासू. वासू नुकता आईच्या अंगावरून सुटला होता, सगळीकडं दुडदुडायचा. आप्पाकाका, नानांचा पाठचा भाऊ, तेवढा गावात राहिला. रामाला उपाशी ठेवून सगळेच कसे जाणार? त्यानं नानांना जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं. "तुम्ही लेकुरवाळे. मी एकटा जीव. मला काय होतंय!" म्हणाला. मला काय होतंय असं त्या दिवसांत जो म्हणे, त्याच्याकडं बघवत नसे.

झोपडीच्या दारातून मला दिसायची ती पांढरी फुलं आणि त्यांच्या मधोमध ती इगर्जी. घंटा वाजली की मी आईला चिकटायची. आमच्या देवळातली घंटा कुणीही येता-जाता वाजवतो. तिचा आवाज म्हणजे कुणीतरी आलं. इगर्जीची घंटा एकच माणूस वाजवायचा, दोर ओढून, आणि ती सावकाश, मध्ये थांबत वाजली म्हणजे कुणीतरी गेलं. दूध घालायला येणारा गवळी पहिल्याच दिवशी आईला बजावून गेला होता, "बेन, छोरी ने वां मत जावा दीजो. वां मुरदा ने भगवान का सामे सुवाड़े हे."

मेलेलं माणूस देवापुढं! आत्यानं कानावर हात ठेवले. पण मी पाहिलं होतं ते. पाड्यावरचं कुणीतरी गेलं होतं, त्याला घेऊन माणसं आली, आणि ती कुंपणापाशी न थांबता, दारापाशी न थांबता, सरळ आत शिरली. आमच्याकडं गल्लीत कुणी गेलं आणि मयत उचललं गेलं नसलं, तर रामाचा नैवेद्यसुद्धा खोळंबायचा. मरणाचा वारा देवाला लागू नये म्हणून दार लोटून घेत. आणि इथं मरणच पाहुण्यासारखं आत नेऊन बसवत होते. त्या दिवशी मी जेवले नाही. मला वाटायला लागलं की सगळं मरण त्या इगर्जीतच साठवलेलं आहे, आणि तिथूनच ते रोज थोडं थोडं बाहेर येतं.

कारमेलीन मात्र भिण्यासारखी बाई नव्हती. ठेंगणी, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत ओचा खोचलेली. इगर्जी झाडणं, फरशी घासणं, पांढरी कापडं धुऊन खळ घालून कुंपणावर वाळत टाकणं, हे तिचं काम. दुपारी पेद्रू मास्तर मागच्या खोलीच्या ओट्यावर बसून क्लॅरिनेट वाजवायचा. दरबार दुसरीकडं हलला होता, बँडला काम नव्हतं, बाकीची गोवेकर घरं महूकडं निघून गेली होती. हा एकटाच राहिला, कारण कारमेलीन पाद्रीबाबाला सोडून जायला तयार नव्हती. म्हातारा पाद्री, लांब दाढी, पाठीत वाकलेला, कुठल्या दूरच्या मुलखातला कोण जाणे. मास्तर वाजवायचा ते दरबारी कवायतीचं गाणं असायचं, पण इतकं सावकाश की ते कवायतीचं राहायचंच नाही. ते ऐकता ऐकता वासू झोपी जायचा. मला त्या तासाभरात भीती वाटायची नाही. दिवसातला तेवढाच वेळ.

मग आप्पाकाका गेला. निरोप आला तेव्हा त्याला दरबारच्या माणसांनी नेऊनही टाकलं होतं. नाना धावत गेले आणि नुसती राख बघून परत आले. अंघोळ करून झोपडीबाहेरच बसले. मंदिराची किल्ली दुसऱ्या एका पुजाऱ्याकडं गेली होती. आम्हाला सुतक लागलं.

मी आता एवढी म्हातारी झाले, कितीदा सुतक आलं आणि गेलं. गेल्या वर्षी नवरात्रातच दिराचं सुतक आलं, तर टेकडीच्या पायथ्याशी राहून मला देवीचं तोंड बघता आलं नाही. त्याचं वाईट वाटतं, पण ते अंगवळणी पडलेलं आहे. दहा दिवस देवाला शिवायचं नाही, देवळाची पायरी चढायची नाही, घरातल्या देवांनासुद्धा फूल वाहायचं नाही. मी नियम पाळते. त्याला नावं ठेवायला मी बसलेली नाही. पण त्या वेळी झोपडीत आत्यानं देवांच्या पेटीवर धाबळी टाकून ती कोपऱ्यात सरकवली, ते अजून आठवतं. देव होते आणि नव्हते. आम्ही जन्माचे पुजारी, आणि नेमकं जेव्हा देवाशी काम पडलं तेव्हा त्याच्याशी बोलायची आम्हाला बंदी होती.

कारण चौथ्या-पाचव्या दिवशी वासूचं अंग तापलं.

आईनं त्याला छातीशी धरलं ते खाली ठेवीचना. काखेत बोट लावून बघायची, पुन्हा पुन्हा बघायची. बघू नये असंही वाटायचं तिला. गाठ होती की नव्हती हे मला कुणी सांगितलं नाही, पण आत्या तोंडावर पदर घेऊन बाहेर जाऊन बसली, त्यावरून मला कळलं. वैद्य गाव सोडून गेला होता. नाना काढा उकळत होते आणि त्यांचं लक्ष नव्हतं, काढा उतू जाऊन चूल विझली.

"नवस बोलते मी," आई म्हणाली. "रामाला बोलते."

"सुतकात नवस?" आत्या बाहेरूनच म्हणाली. "अगं, फळायच्या ऐवजी उलटायचा."

नाना म्हणाले, "मनात नाम घ्यावं. त्याला बंदी नाही."

"मनातलं त्याला ऐकू गेलं की नाही, हे मला कसं कळायचं?" आई म्हणाली. तिला रडता येत होतं, पण ती रडली नाही. तिची नजर बाहेर होती. त्या नजरेमागे मी माझी नजर नेली, तर समोर ती इगर्जी.

दुसऱ्या दिवशी दुपारी वासूला आत्याच्या मांडीवर देऊन आईनं विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. ओल्या लुगड्यानिशी माझा हात धरला. "चल," म्हणाली. आत्यानं विचारलं, "कुठं?" अफूच्या शेतातून आम्ही चाललो. फुलं माझ्या खांद्यापर्यंत येत होती. मागं पळून जावं असं वाटत होतं, पण आईची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. आज कळतं की ती मला नेत नव्हती, मला धरून जात होती.

इगर्जीच्या दाराशी आई थांबली. आत शिरली नाही. दाराला उंबरा होता, त्यावर डोकं टेकायला ती वाकली आणि मध्येच सावरली. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं बाहेरूनच इगर्जीला प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. मागच्या बाजूला क्रूस रोवलेले उंचवटे होते. ते काय आहेत हे तिला माहीत होतं, मलाही होतं. त्यांच्यामधून वाट काढत, लुगडं सावरत ती चालली होती. पुन्हा दारापाशी आलो तर कारमेलीन हातात केरसुणी घेऊन उभी.

"बाहेरून कित्याक फिरतेस गो बाय? भितर ये."

"मला आत येता यायचं नाही. आम्हाला सुतक आहे."

"म्हणजे?"

"घरात माणूस गेलंय. दीर माझे. दहा दिवस आम्हाला देवळात जाता येत नाही. तुमच्या देवाला विटाळ व्हायचा."

कारमेलीन आईकडं बघत राहिली. तिला समजायला वेळ लागला, किंवा समजूनही विश्वास बसेना. "घरचं माणूस गेलं म्हणून देवाकडं जायचं नाही?" ती म्हणाली. "मग माणसानं जायचं तरी खंय गो?"

आईनं लुगड्याचं ओलं टोक पिळलं.

"मेलेल्यांना आम्ही हातांनी उचलून भितर नेतो," कारमेलीन म्हणाली. "तू तर जिती आहेस. ये."

आत अंधार होता. मेणाचा आणि चुन्याचा वास. लाकडी बाकं. समोर लाल काचेत एक लहानसा दिवा आणि त्याच्या वर तो. मी त्याला प्रथमच जवळून पाहत होते. आमचा राम कसा, पीतांबर नेसलेला, गळ्यात हार, ओठावर हसू. याच्या अंगावर काही नाही. हातापायांत खिळे, कुशीत जखम, मान पडलेली. मी डोळे मिटून घेतले. मेलेला देव! गवळी सांगत होता त्यापेक्षाही हे भयंकर होतं. इथं मेलेल्यांना देवापुढं निजवत होते, ते एकवेळ ठीक, पण देव स्वतःच मेलेला होता. आई मात्र खाली फरशीवर बसली आणि त्याच्याकडं टक लावून बघत राहिली. तिनं पदराखाली काही आणलं नव्हतं, सुतकात फूलही तोडायचं नसतं. बाहेर मास्तरची क्लॅरिनेट चालली होती, तेच कवायतीचं, हळू. आई बोलली ते मी ऐकलं. तिला वाटलं असेल की मी ऐकत नाही.

"मी तुझी कुणी नाही," ती म्हणाली. "आमचे देव सध्या बंद आहेत. ते उघडेपर्यंत माझ्या वासूकडं बघ. एवढंच."

एखाद्या शेजारणीला घरावर लक्ष ठेवायला सांगावं तसं ती म्हणाली.

वासूचा ताप उतरला. एकदम नाही. आधी तो बरळायचा थांबला, मग घाम आला, मग एका सकाळी त्यानं पेज मागितली. गाठ होती ती पिकून फुटली म्हणे. आत्यानं त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. नाना आडोशाला जाऊन रडले. आईनं पेज भरवली, त्याचं तोंड पुसलं, आणि मग ती चमकून बाहेर बघायला लागली. दुपार झाली होती आणि क्लॅरिनेट वाजत नव्हती. दुसऱ्याही दुपारी वाजली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी इगर्जीची घंटा सावकाश, मध्ये थांबत वाजली.

गवळीच सांगत आला. बाजावाला मास्तर गेला, गाठीच्या तापानं.

आई खालीच बसली. तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. वासू तापात होता तेव्हाही तो तसा नव्हता. आत्या म्हणाली, आणि ती दुष्टपणानं नाही म्हणाली, तीही घाबरलीच होती, "विटाळ म्हणजे विटाळ गं. देव कुणाचाही असो, त्याला बाधतोच. तू ओलेत्यानं कुठं गेली होतीस ते काय मला कळलं नव्हतं?"

मला आईच्या मनात काय चाललंय ते दिसत होतं. ती सुतक घेऊन परक्याच्या देवापुढं गेली. त्या देवानं तिचं मागणं ऐकलं, आणि त्याची किंमत तिच्याकडून न घेता ज्या बाईनं तिला आत बोलावलं तिच्याकडून घेतली. ही भीती प्लेगच्या भीतीपेक्षा वेगळी होती. प्लेगला भिऊन माणूस पळून तरी जातं. हिच्यापासून पळायला जागा नव्हती, कारण ती वासूच्या रूपानं तिच्या मांडीवर बसून पेज खात होती.

तेवढ्यात गवळी आणखी म्हणाला की मास्तरला उचलायला कुणी नाही. बँडवाले महूला, पाड्यावरची माणसं येत नाहीत. दरबारची माणसं गाडी घेऊन आली होती, सरळ चुन्याच्या खड्ड्यात न्यायला निघाली होती, पण म्हाताऱ्या पाद्रीनं दारात आडवं होऊन त्यांना परत पाठवलं. आधी इगर्जीत न्यायचं, मग मागं पुरायचं, असा त्याचा हट्ट. सुतारही मिळत नाही पेटी करायला.

आई उठली. "मी जाते," म्हणाली.

"अगं वेडी का खुळी तू?" आत्या ओरडली. "मयताला शिवणार? तेही ख्रिस्तावाच्या?"

"वन्सं, मला सुतक आहेच," आई म्हणाली. "सुतक नसलेल्यानं शिवायचं नसतं. मला आता काय नवीन लागायचंय?"

आत्या नानांकडं वळली. दरबारी पुजारी, उद्या गावात परत जाऊन रामाची पूजा करायची. एवढं कुणाच्या कानावर गेलं असतं तर किल्ली कायमची गेली असती, घरावर बहिष्कार पडला असता. नानांनी उपरणं कमरेला घट्ट बांधलं. "उद्या दहावा," ते म्हणाले. "अंघोळ करायचीच आहे. एकाच अंघोळीत दोन्ही."

मी त्यांच्या मागोमाग गेले. मला कुणी थांबवलं नाही. झोपडीत आत्याबरोबर एकटी राहायची माझी हिंमत नव्हती.

मास्तरला चादरीत गुंडाळून, मागच्या खोलीच्या ओट्यावर आणलेल्या इगर्जीतल्याच एका बाकावर ठेवलं होतं. बाकाचं एक टोक पाद्रीबाबानं धरलं होतं, दुसरं कारमेलीननं, आणि दोघांनाही ते उचलत नव्हतं. आई पुढं झाली तशी कारमेलीननं मान वर केली. आईनं हात जोडले.

"माझ्यामुळं झालं हे. मी सुतकात आत आले. माझा पोर वाचला आणि तुझा..."

कारमेलीननं तिला पुरतं बोलूही दिलं नाही. "गप," ती म्हणाली. "तू आलीस त्याच्या आदल्या दिवशी ताप आलेला त्याला. मी त्याच्यासाठीच भितर बसलेले. तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस काय?"

आईचे हात खाली आले. तिनं एवढा मोठा श्वास घेतला की मला ऐकू गेला. मी तिच्या मागेच उभी होते. त्या दुपारी इगर्जीत बसलो असताना क्लॅरिनेट वाजत होती, हे मला पक्कं आठवत होतं. ताप आलेला माणूस वाजवत नाही. आईच्या लक्षात ते राहिलं नव्हतं, तिला तेव्हा दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. मी बोलले नाही. आईला मी ते कधीच सांगितलं नाही, ती गेली तेव्हाही नाही. नवऱ्याचं प्रेत हातात असताना एखादी बाई दुसरीला हलकं करायला असं बोलू शकते, हे मला पटायलाच पुढं पुष्कळ वर्षं लागली.

चौघांनी बाक उचललं. पाद्रीबाबा, नाना, कारमेलीन, आई. बाईमाणसानं खांदा दिलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. आत नेऊन लाल दिव्यापुढं ठेवलं. नाना अवघडून उभे राहिले, कुठं बघावं त्यांना कळेना. शेवटी सवयीनं त्यांची नजर दिव्यावर गेली आणि ते हळूच म्हणाले, "तेल कमी झालंय दिव्यात." पाद्रीबाबाला ते समजलं नाही, त्यानं नुसती मान हलवली. मग तो त्याच्या भाषेत म्हणायला लागला. मध्येमध्ये थांबायचा. समोरून कुणीतरी उत्तर द्यायचं असावं. कारमेलीन एकदोनदा बोलली, मग म्हातारा तिचंही स्वतःच म्हणून पुढं जाऊ लागला.

त्यानं मयतावर पाणी शिंपडलं तेव्हा आईनं उजवा हात पुढं केला, तळव्याचा द्रोण करून, डावा हात कोपराला लावून. तिला वाटलं तीर्थ देतात. म्हातारा थबकला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि थोडं पाणी तिच्या तळव्यावर टाकलं. आईनं ते डोळ्यांना लावलं. "डरना नहीं, बेटी," तो म्हणाला.

मी दाराशी उभी होते. मी भीत नव्हते असं नाही, फार भीत होते. पण भीतीचा आकार बदलला होता. इतके दिवस मला वाटायचं की मरण त्या इगर्जीतून बाहेर येतं. त्या दिवशी मला दिसलं की ते सगळीकडूनच येत होतं, आमच्या रामापुढंसुद्धा येऊन पडलं होतं. ही एकच जागा होती जिथं त्याच्या तोंडावर दार लावत नव्हते. पवित्र जागा कशाला म्हणावं याच्यावर मी पुष्कळ कीर्तनं ऐकली. जिथं विटाळ पोचत नाही ती, असंच सगळे सांगतात. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. मला तशी जागाही हवी असते, टेकडीवर चढून वर गेल्यावर जे गार वाटतं ते मला हवंच असतं. पण ज्या दिवशी माणूस स्वतःच विटाळ होऊन बसतो, त्या दिवशीसाठीही कुठं एखादं दार लागतं, हे मला तिथं दिसलं. आता इथं देवासला थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या महाराजांच्या हद्दीतल्या, रस्त्यानं टांग्यातून जाताना कुणाची तिरडी दिसली की मी मनात पहिल्यांदा तो लाल दिवा बघते आणि मगच रामाचं नाव घेते. रामाला ते कळत असणार. तो रागावलेला दिसला नाही अजून.

दुसऱ्या दिवशी दहावा. नानांनी आप्पाकाकाचे विधी केले, जानवं बदललं. विहिरीवर सगळ्यांच्या अंघोळी झाल्या, झोपडीत गोमूत्र शिंपडलं. आत्यानं देवांच्या पेटीवरची धाबळी काढली तेव्हा आम्ही सगळे पुढं सरसावलो. इतक्या दिवसांनी आपले देव! वासूसुद्धा "बाप्पा, बाप्पा" करत रांगत पेटीपाशी गेला. अशक्तपणामुळं त्याला अजून उभं राहता येत नव्हतं. आत्या म्हणाली, "ये गं, पहिलं फूल तूच वाहा. पोर वाचलंय तुझं."

आई आली नाही. ती दाराबाहेरच उभी होती.

"माझं फिटलं नाही अजून," ती म्हणाली.

"कसलं फिटलं नाही? अंघोळ झाली, दहावा झाला. आता कुणाचं?"

"भावाचं," आई म्हणाली.

आईला भाऊ नव्हता, हे आत्याला ठाऊक होतं, नानांना ठाऊक होतं, मलाही होतं. आत्यानं तोंड उघडलं. नानांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांचा आवाज पूजेत संकल्प सांगताना असायचा तसा होता. "लग्न झालेल्या बहिणीला भावाचं तीन दिवस, अक्का," ते म्हणाले. "बसू दे तिला."

आई झोपडीपासून लांब, बांधाजवळ, वेगळी घोंगडी टाकून बसली. वासू तिच्याकडं बघून हात पसरून रडायला लागला. इतक्या दिवसांत त्याला क्षणभर खाली न ठेवलेल्या त्या बाईनं स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ती नुसती म्हणत राहिली, "येते हं राजा, येते. मामाचं झालं की येते."